टिंबाआधीची तिरकी रेघ

ताईच्या न्हाणीघरात वाकून तोंड धूत होते आणि छताचा पोपडा मानेवर पडला. फार मोठा नाही, बशीएवढा. पण ओला, गार, आणि कॉलरच्या आत घसरला तसा फुटला. मी किंचाळले नाही, शिवी दिली. बाहेरून ताई म्हणाली, "पडला का? आज तुझा नंबर. काल ह्यांच्या पाठीवर पडला." तिच्या आवाजात ना भीती ना राग, म्हणजे हे रोजचं झालं होतं. मी वर बघितलं. पिवळा डाग, कडेला तपकिरी, आणि मधोमध सळई उघडी पडलेली, गंजून लाल. टॉवर नवा आहे. लिफ्टच्या आरशावरचा प्लास्टिकचा कागद अजून पुरता निघालेला नाही. "कळवलं का नाहीस?" मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली, कारण ताई ओलं फडकं घेऊन दारातच येऊन उभी राहिली. "मी? मी कळवलं का नाही? बाई ग, तुझ्याच कंपनीला कळवून कळवून माझा अंगठा झिजला. आणि तुमचं काय येतं उलट? तक्रार मिळाली, धन्यवाद. धन्यवाद कसले देता? छत पडल्याचे?" मी म्हणाले, "तुझी एकही तक्रार आलेली नाही. आली असती तर मला दिसली असती." ताई हसली. लहानपणी माझ्या हातून काही सांडलं की हसायची, तसंच. "म्हणजे मी खोटी," ती म्हणाली. "छत पण खोटं. मान झटक, खोटं पडेल."

तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला. धन्यवाद, धन्यवाद, धन्यवाद, बोटानं वर सरकवत गेले तरी संपेनात. आणि मी बसते नेमकी तिथे, जिथे या तक्रारी येऊन पडतात. इमारतींची देखभाल करणारी कंपनी. लिफ्ट, पाणी, दिवे, गळती. लोक फोनवरून लिहितात, मशीन घराचा नंबर वाचतं, तक्रारीला क्रमांक देतं, माझ्या पडद्यावर आणतं, आणि मी ती प्लंबरकडे किंवा वायरमनकडे धाडते. सगळं माझ्या डोळ्यांखालून जातं असं मी समजत होते. ४१३७, म्हणजे ताईचं घर, माझ्या डोळ्यांखालून कधीच गेलं नव्हतं. सख्ख्या बहिणीचा नंबर मी विसरेन का? निघताना लिफ्ट घेतली नाही. जिन्यानं उतरले आणि प्रत्येक मजल्यावर ताईच्या बरोबर खालचं दार वाजवलं. एका घरात आजोबा छत्री दाखवायला लागले, म्हणाले संडासात ही घेऊन बसतो, हसू नका. दुसऱ्या घरातल्या बाईनं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं आणि तोंडावर दार आपटलं. शेजारच्या आठ नंबरवाल्यानं मात्र सांगितलं, "आमच्याकडे येऊन गेला की तुमचा माणूस. लगेच आला. चांगला आहे." सात नंबरची दारं एकाखाली एक, भिंतीमागून जाणारा पाइप एक, गळती एक. सात नंबर सोडून सगळ्यांना उत्तर मिळतं आणि सात नंबरला धन्यवाद मिळतात. रस्त्यावर आले तेव्हा मानेवर पोपड्याची रेती अजून टोचत होती. मी ती झटकली नाही. म्हटलं, असू दे.

सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आत मशीनची गाळणी उघडली. गाळणी म्हणजे ओळींची एक फाइल. जाहिराती, कचरा, एकच संदेश शंभरदा आलेला, असलं सगळं तिथे अडतं आणि पुसलं जातं. धन्यवाद मात्र मशीननं त्याआधीच धाडलेले असतात. त्या ओळी रेगेक्समध्ये लिहिलेल्या असतात, म्हणजे काय शोधायचं याचा साचा. मी खाली खाली आले आणि ती दिसली. ४१.७. एवढीच ओळ. या असल्या साच्यात टिंब म्हणजे टिंब नसतं. टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, काहीही चालेल. टिंबाला नुसतं टिंब म्हणून उभं करायचं तर त्याच्याआधी तिरकी रेघ द्यावी लागते. ऑफिसात डॉट आणि बॅकस्लॅश म्हणतात, आणि त्या रेघ देण्याला एस्केप करणं म्हणतात. इथे रेघ दिलेली नव्हती. म्हणून ४१०७ अडत होतं, ४११७ अडत होतं, ४१२७ आणि ताईचं ४१३७, तसंच वर शेवटच्या मजल्यापर्यंत. टॉवरच्या नंबरात आधी टॉवर, मग विंग, मग मजला, मग दार, म्हणजे पहिल्या विंगची सातवी दारं, सगळी. टिंबाच्या जागी कुठलाही मजला चालत होता.

हे टिंब मला कुणी शिकवलं नाही. झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते तेव्हा मालकाच्या जुन्या मशीनवर मी आपली आपण शिकले, दुपारी गिऱ्हाईक नसताना, पायाखाली कागदाची रिमं घेऊन. पहिल्यांदा एका मोठ्या फाइलीत प्रश्नचिन्ह शोधायला गेले तर मशीननं तोंड वासलं आणि सगळं बंद. म्हटलं, प्रश्न विचारलेला यालाही चालत नाही वाटतं. मग कळलं की प्रश्नचिन्हाला इथे वेगळी सत्ता आहे, चांदणीला आहे, कंसाला आहे, टिंबाला तर सगळ्यात जास्त, कारण ते कुणाच्याही जागी उभं राहतं. आणि तिरकी रेघ दिली की ती सत्ता जाते आणि चिन्ह उरतं, आपल्या जागेवर, आपल्यापुरतं. ते कळलं त्या दुपारी मी दुकानात एकटीच हसले होते. मालक म्हणाला, काय झालं, लॉटरी लागली का? लागली होती. कारण कुणाच्याही जागी उभं राहणं मला चांगलं माहीत होतं. आम्ही तिघी बहिणी, मी मधली. आई आतून ओरडायची, अगं कुणीतरी गॅस बंद करा, आणि ताई पुस्तक खाली करायची नाही, धाकटी झोपल्याचं सोंग करायची, आणि कुणीतरी म्हणजे मी हे घरात भांड्यांनाही ठाऊक होतं. शाळेच्या नाटकात मला कधी भूमिका मिळाली नाही, पण सगळ्यांचे संवाद पाठ होते म्हणून ज्याला ताप येईल त्याच्या जागी मला उभी करायचे. एका वर्षी मी झाड झाले, राणी झाले, आणि राजाचा नोकर झाले, तिन्ही एकाच नाटकात, कारण कांजिण्यांची साथ होती. बाई पालकांना कौतुकानं सांगायच्या, ही ना, कुठेही चालते. फलकावर नावं लिहिली ती आजारी मुलांची. मी घरी येऊन रडले तर आई म्हणाली, अगं, काम झालं ना? मग. आजही ते "मग" कानात वाजलं की हाताची मूठ वळते. इथेही पहिल्या दिवशी साहेब माझी ओळख करून देताना म्हणाले होते, ही कुठेही चालते, रिसेप्शनला बसवा, हिशेबाला बसवा, मशीनला बसवा. मी तेव्हा दात दाखवले होते. दात दाखवायचं वय होतं, आणि पोटाला लागत होतं.

चष्मा आला तेव्हा मी ओळ पडद्यावर उघडीच ठेवली होती. चष्मा म्हणजे आमचा इंजिनिअर, डोळ्यांवर नाही, कायम कपाळावर चष्मा. त्यानं तो खाली ओढला आणि बघितलं आणि मान खाली घातली. "आयला," तो म्हणाला. "डॉट एस्केप करायचा राहिला. घाईत होतो ग." मी म्हटलं, "घाई कसली? कचरा अडवायला घराचा नंबर कशाला?" तो दाराकडे बघत हळूच म्हणाला, "भोंगा." भोंगा कोण ते ऑफिसात सगळ्यांना माहीत. जुन्या इमारतींचे नंबर टिंबाचे असतात, आधी इमारत, मग टिंब, मग घर. ४१.७ मध्ये एक म्हातारी राहते. पोहायला शिकवायची म्हणे, जन्मभर पाण्यावरून ओरडून ओरडून आवाज असा झाला की फोन कानापासून हातभर लांब धरावा. ती रोज लिहायची. दिवा गेला, कबुतरं आली, शेजारचा रेडिओ मोठा, जिन्याला वास, जिन्याचा कठडा हलतो, तुमचा साहेब गाढव आहे. तिची तक्रार सुटली तरी ती म्हणायची सुटली नाही, आणि दर महिन्याच्या तक्त्यात न सुटलेल्यांचा आकडा तिच्या एकटीमुळे फुगायचा. मलाही तिनं एकदा फोनवर मठ्ठ म्हटलं होतं. मग एक दिवस तिचं येणं थांबलं. मला वाटलं दमली, किंवा गेली. आम्ही चहा पिताना असं बोललोसुद्धा, आणि कुणीतरी म्हणालं, सुटलो. मी हसले होते का? हसले असेन. सगळे हसले होते.

साहेबांच्या खोलीत आम्ही दोघं उभे. चष्म्यानं सांगितलं, टिंबामुळे टॉवरची दहा घरं अडली. साहेब खरंच हादरले, खोटं कशाला बोलू. त्यांनी लगेच प्लंबरला फोन लावला, दहा घरांत आजच्या आज माणसं धाडा म्हणाले, माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या बहिणीची माफी माग माझ्या वतीनं. आणि शाब्बास. आता ते तेवढं टिंब नीट कर, विषय संपला." मला साहेब तुम्ही म्हणतात. तू म्हणाले की समजायचं, काहीतरी हवंय. मी विचारलं, "नीट म्हणजे?" "म्हणजे ती रेघ टाक ना. तिरकी. म्हणजे फक्त तिचंच अडेल." चष्म्यानं चष्मा परत कपाळावर चढवला. खोलीतला पंखा फिरत होता आणि माझ्या मनात ती रेघ उभी राहिली, आणि तिच्यावर माझं किती प्रेम होतं ते मला त्याच क्षणी आठवावं हा काय छळ. एखाद्याला त्याच्यापुरतं उभं करणारी रेघ. इथेही ती अगदी तेच करणार होती, बिनचूक. आत्तापर्यंत म्हातारी एका गर्दीत गप्प झालेली होती, त्या गर्दीतली ताई ओरडली म्हणून ती निदान दिसली. रेघ टाकली की ती एकटी. बाकी सगळे ऐकले जातील, छतं दुरुस्त होतील, ताई खूश होईल, आणि त्या एका घराला रोज धन्यवाद जात राहतील, मरेपर्यंत, आणि पुन्हा कुणाच्या मानेवर काही पडणार नाही, म्हणजे कुणाला कळणारही नाही. मी म्हणाले, "नाही टाकणार." साहेबांना वाटलं मला जमत नाही. "मग ह्याला टाकू दे." चष्मा म्हणाला, "टाकतो सर, दोन सेकंदांचं काम." मी त्याला म्हणाले, "तुझी चूक टिंबाची होती रे, ती मी कुणालाही माफ करेन. ओळच चूक आहे. ओळ काढा." साहेब खुर्चीत मागे रेलले. "बाई, तुम्ही तिच्याशी कधी बोललायत का? एका माणसापायी बाकीच्यांची कामं अडतात. तुमच्यावर ओरडली की तुम्हीच म्हणाल अडवा." तुम्ही. म्हणजे आता हवंय ते मिळणार नाही हे त्यांनाही कळलं. "उद्या सकाळपर्यंत ती रेघ पडलेली हवी," ते म्हणाले. "तुमच्याच हातानं. मला बघायचंय, या ऑफिसात सांगितलेलं काम होतं की नाही. नाहीतर जागा दुसरी बघा." मी बाहेर आले.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. का गेले? तिचं तोंड बघायला. जिच्यासाठी आपल्याच पोटावर पाय द्यायचा ती आहे तरी कोण. इमारत जुनी, जिना अरुंद, दिवा एका आड एक मजल्यावर. वळणावर कठडा धरला आणि तो माझ्याबरोबर आला. पुरता निघाला नाही, हातात हात द्यावा तसा पुढे झुकला, आणि खालचा चौक एकदम डोळ्यांत घुसला. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. ही तक्रार मी स्वतः नोंदवली होती, पहिल्यांदा आली तेव्हा. आठवलं. सुतार गेला, त्यानं हातोडीनं दोन ठोके मारले, काम झालं लिहिलं. म्हातारीनं लिहिलं, झालं नाही. परत लिहिलं. परत लिहिलं. मग टिंब.

दार उघडलं तर समोर उंच, सरळ पाठीची बाई, केस कापलेले, खांदे अजून रुंद. "कोण?" मी कंपनीचं नाव सांगितलं. "अच्छा! जिवंत आहात!" आवाज जिन्यातून खाली जाऊन परत आला. "मला वाटलं बुडाली कंपनी. बरं झालं म्हटलं." मी सांगायला लागले तर ती म्हणाली, "पुटपुटू नका. तोंड उघडून बोला. श्वास पोटातून घ्या." मी पोटातून श्वास घेतला आणि सगळं सांगितलं. ओळ, टिंब, टॉवरची दहा घरं. तिला वाईट वाटेल, ती रडेल, मला जवळ घेईल, असलं काहीतरी मी मनाशी रचत आले असणार, कारण तसं काही झालं नाही तेव्हा मला राग आला. ती विचारात पडली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी लिहीत होते, तुमचं मशीन मला धन्यवाद म्हणत होतं, आणि कुणी वाचतच नव्हतं?" "हो." "मग वरच्या मजल्यावरच्या मुलीला मी उगाच शिव्या दिल्या. ती म्हणायची, काकू, तुमचं ते ऐकत नाहीत. मी म्हणायचे, ऐकतात, नालायक आहेत म्हणून करत नाहीत." ती स्वतःशीच हसली, घोगरं, पाणी नाकात गेल्यासारखं. "नालायक परवडला हो. नालायकाशी भांडता येतं." मग माझ्याकडे बघून, "आणि तुम्ही कशाला आलात? माफी मागायला? मला नको. कठडा नीट करा." मी म्हणाले, "माफी मागायला नाही आले. उद्या माझी नोकरी जाईल कदाचित, तुमच्यामुळे. म्हटलं बघून यावं." "माझ्यामुळे का?" ती एकदम चिडली. "माझ्यावर नका ढकलू. तुम्हाला करायचं तर करा, नाहीतर नका करू. मी कुणाला माझ्यासाठी उडी मारायला सांगत नाही. पाण्यात उतरणाऱ्यानं आपल्या पायानं उतरायचं." आणि दार लावलं. जिना उतरताना मी भिंतीच्या बाजूनं उतरले आणि मोठ्यांदा म्हणाले, कसली खडूस बाई आहे. बरं वाटलं. ती गोड निघाली असती, तर मी जे करणार होते ते तिच्यासाठी झालं असतं. आता ते कुणासाठीच नव्हतं. रात्री झोप लागली, हे सांगितलं तर कुणाला पटणार नाही, पण लागली.

सकाळी साहेब स्वतः माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. चष्मा बाजूला. ऑफिसातले बाकीचे पडद्यांत तोंड खुपसून, कान मात्र सगळे इकडे. फाइल उघडली. ४१.७. कर्सर टिंबाच्या आधी नेला. साहेबांचा श्वास माझ्या केसांना लागत होता. रेघेची कळ माझ्या करंगळीखाली होती, आणि मला खरं सांगायचं तर एक क्षण असा आला की करंगळी आपोआप खाली गेली असती, इतकी वर्षं कुणीतरी म्हटलं की उठायची सवय अंगाला होती. अगं कुणीतरी. कुठेही चालते. काम झालं ना, मग. मी कर्सर ओळीच्या शेवटी नेला आणि पुसत आले. सात. टिंब. एक. चार. मोकळी जागा उरली तीही पुसली, आणि फाइल जतन करून गाळणी नव्यानं चालू केली. मागे वळून म्हणाले, "झालं नीट." साहेब सावकाश म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना काय केलंत?" मी म्हणाले, "मला कळतंय. ती ओळ परत हवी असेल तर टाकता येईल, काही अवघड नाही. पण ती टाकणाऱ्यानं आपल्या बोटानं टाकावी आणि टाकताना त्या बाईचं घर डोळ्यांसमोर आणावं. माझं बोट मिळणार नाही." "उद्यापासून येऊ नका." "उद्याचं उद्या. आज सुटेपर्यंत खुर्ची माझी आहे." कुणीतरी खोकलं. चष्म्यानं चष्मा काढून शर्टाला पुसायला घेतला आणि पुसतच राहिला. साहेब त्याला म्हणाले, "तू टाक." तो म्हणाला, "सर, मला आज जरा..." आणि पुढे काय ते त्याला सुचेना. बिचारा खोटं बोलण्यात कच्चा. साहेबांनी दोघांकडे बघितलं, आणि तेवढ्यात माझ्या पडद्यावर टिंग वाजलं.

यादीत सगळ्यात वर नवी तक्रार आली होती. ४१.७. मी ती उघडली, आणि साहेब तिथेच उभे होते म्हणून मोठ्यांदा वाचलं, पोटातून श्वास घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "काल संध्याकाळी तुमच्याकडून एक उद्धट बाई आली होती. न कळवता आली. बोलताना पुटपुटते. जाताना जिन्यात उभी राहून मला खडूस म्हणाली, ते मला दाराआडून ऐकू आलं. तिच्यावर कारवाई व्हावी. कठडा अजून हलतोच आहे." पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फुस्सकन हसलं. साहेब म्हणाले, "बघा. हीच ती. हिच्यासाठी." मी म्हणाले, "हो, हीच." तक्रारीचे दोन भाग केले. कठड्याचा सुताराकडे धाडला, ठोके मारून परत येऊ नकोस, कठडा नवा बसव, असं स्वतः लिहून. दुसऱ्या भागात आरोप कुणावर ते भरायचं होतं. तिथे माझं पूर्ण नाव टाइप केलं, आडनावासकट, कारवाई करणाऱ्याच्या रकान्यात साहेबांचं, आणि त्यांच्या देखत त्यांच्याकडे पाठवून दिली.